चिंधीघराचा ओटा

४ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. बाबांनी तुला त्यांच्या पद्धतीने कळवलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक. कॉलेज सोडलं. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर. वर्गात सर म्हणाले की जुनी इमारत म्हणजे मोकळी व्हायची वाट बघणारी जागा. माझं डोकं फिरलं. मी उठलो, नको ते बोललो, बाहेर पडलो आणि मग परत आत जायची लाज वाटली. एवढंच घडलं. आई सगळ्यांना सांगते की त्याची तब्येत बरी नव्हती. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर बसलेलो असताना आईला म्हणतात, ‘त्याला म्हणावं, मीठ सरकव.’

पण रिकामा बसलेलो नाही. मोजणीसाहेबांकडे लागलोय. ते जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे करतात, आणि मी टेपचं दुसरं टोक धरतो. आता कुठली मापं चालली आहेत सांगू? तुझा कागद कारखाना. जिथे तुझं उभं आयुष्य गेलं, तोच. बंद पडून इतकी वर्षं झाली, आता मालकाला सगळं पाडून मनोरे उभे करायचे आहेत. जुन्या इमारतींच्या समितीपुढे पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मालकाचा वकील म्हणतो, या दगडमातीत आता कोणाचा जीव अडकलेला नाही.

आमच्याकडे एक नकाशेवाली आहे. दोन वर्षं ती कचेरीची पुढची बाजू काढते आहे. ती कमान, त्यावरचं घड्याळ, दोन दगडी बगळे, आतला सागवानी जिना. पेन्सिल अंबाड्यात खोचते आणि मग सगळीकडे शोधत बसते. ‘घट्ट धर’ म्हणाली की मी टेप तर धरतोच, श्वासही धरतो. हसू नकोस. मी तिच्याशी अजून मापांपलीकडे बोललेलो नाही.

साहेब म्हणतात की तिथे काम केलेल्या एका माणसाने चार ओळी लिहून दिल्या तर वकिलाचं तोंड बंद होईल. आत्या, तू लिही. त्या कमानीखालून रोज जाताना काय वाटायचं, घड्याळाचे ठोके, बगळे, जे आठवेल ते. मी समितीपुढे वाचून दाखवीन. आणि तीही तिथे असेल.

तुझा
ठिणग्या


१६ जानेवारी

चि. ठिणग्या,

आशीर्वाद. लहानपणी तुझं हे नाव मीच पाडलं, तेव्हा आता तक्रार कोणाकडे करू? कॉलेज सोडलंस ते वाईट केलंस. सरांना बोललास ते एक वेळ मी समजू शकते. पण माफी मागायला लाज वाटली म्हणून शिक्षणावर पाणी सोडायचं, हा कुठला हिशेब? तुझा बाप लहानपणी असाच होता, त्याला हे पत्र दाखव.

इकडे सगळं ठीक. खोकला माझ्याबरोबर राहतो, त्याला मी घरातलाच मानते. सुनेला मात्र तो पाहुणा वाटतो आणि ती त्याला सारखी औषधं पाजते.

आता तुझं काम. तू विचारलेलं मला काही आठवत नाही रे. बगळे कसले? घड्याळ होतं का? आम्हाला भोंगा होता. आम्ही बायका कालव्याकडच्या दाराने आत जायचो, वाकून, कारण ते दार बुटकं होतं. आत चिंधीघर. गावोगावच्या चिंध्यांचे गठ्ठे यायचे, त्यांचाच पुढे लगदा होऊन कागद व्हायचा. मेजावर एक पातं उभं ठोकलेलं असे. त्यावर चिंधी ओढून फाडायची, गुंड्या आणि हुक काढायचे, मळकट वेगळं, पांढरं वेगळं. धूळ अशी की शेजारणीचा चेहरा दुपारनंतर पांढरा दिसायचा. दवाखान्यातून आलेला गठ्ठा कोणी सोडायचा यावरून भांडणं व्हायची. गोड आठवणी हव्या असतील तर माझ्याकडे त्या फार नाहीत. कारखाना पाडला तर मी रडणार नाही.

पण एक सांगते. चिंध्या शिजवायचा लोखंडी हंडा होता, खोलीएवढा. त्याचं झाकण उडालं आणि तुझे आतोबा गेले, एवढं तुला घरात ऐकून माहीत आहे. मालकाने नवा हंडा बसवला. जुन्याच्या चौथऱ्याचे दगड तसेच पडून होते. माणसांनी कोणाला न विचारता, सुटी झाल्यावर थांबून, त्या दगडांचा भिंतीलगत एक ओटा बांधला. डबा खायला तिथेच बसायचो सगळे. पण कालव्याकडचं टोक रिकामं ठेवायचं. कितीही दाटी झाली तरी तिथे कोणी बसायचं नाही, मुकादमसुद्धा नाही. एकदा एक नवा कारकून येऊन बसला. सगळे फक्त उठून उभे राहिले, डबे हातात घेऊन. मग त्याने कोणालातरी विचारलं असेल. परत बसला नाही.

मी कारखाना सोडला त्या दिवसापर्यंत ते टोक रिकामं होतं. काही ठेवायचंच असेल तर तेवढं ठेवा म्हणावं. हे वाचून दाखव. आणि तू स्वतः एकदा तिथे जाऊन ये.

त्या मुलीला पेन्सिल सापडली की तिच्याशी दुसरंही काही बोल.

तुझी
आत्या


२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

जिंकलो. बस, एवढंच लिहून पत्र टाकावंसं वाटतंय, पण तू चिडशील.

समितीने पुढची इमारत राखायचं ठरवलं. कमान, घड्याळ, बगळे, जिना, सगळं. तिला आता कोणी हात लावायचा नाही. आणि हे तुझ्यामुळे. मी तुझं पत्र वाचत होतो तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. वकील खिडकीबाहेर बघत बसला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यातल्या दोन ओळी छापून आल्या, तुझ्या नावासकट. कात्रण सोबत जोडलंय.

एक सांगून टाकतो. पत्र थोडं सारखं करावं लागलं. तुला कमान आठवत नाही, घड्याळ आठवत नाही, हे तसंच वाचलं असतं तर वकिलाने तिथेच आम्हाला गुंडाळलं असतं. म्हणून तुला आठवलं असतं ते मी घातलं: सकाळी कमानीखालून येताना तू घड्याळाकडे बघायचीस, बगळ्यांच्या पंखांवर दव असायचं, वगैरे. आतोबांचा भाग गाळला. अपघाताचं निघालं की मालकाची माणसं हे कामगारांचं जुनं भांडण आहे असं म्हणून फाटे फोडतात, असं साहेब एकदा म्हणाले होते. ओटाही त्याच्याबरोबर गेला. अक्षर तुझ्यासारखं काढलं. वाईट वाटून घेऊ नकोस, मन तर तुझंच होतं ना त्यात.

मला खरी काळजी तुझी वाटते. रोज ज्याच्याखालून गेलीस ते एवढं मोठं घड्याळ विसरलीस? मी तुझ्या लेकाला, दादाला, फोन करून सांगितलं की आत्याला विसरायला होतंय, डॉक्टरला दाखव.

आणि आता ऐक. वाचून खाली बसलो तर नकाशेवालीचे डोळे भरले होते. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. अगदी थोडा वेळ, पण धरला. ‘तुझ्या आत्याला भेटायचंय मला,’ म्हणाली. मी त्या दिवशी घरी चालत आलो, बसमध्ये बसवेना. जेवताना मीठ मी आपणहून बाबांकडे सरकवलं.

तुझा
ठिणग्या


२ मार्च

ठिणग्यास,

दादा मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण आहे, बिचारा मोठ्याने बोलत होता. आज वार कोणता विचारलं. मी वार सांगितला, तारीख सांगितली, आणि त्याच्या शर्टाची खालून दुसरी गुंडी वेगळ्या जातीची आहे तेही सांगितलं. त्याने दादाला सांगितलं की यांना काही झालेलं नाही. दादाला वाटलं, तू फोन केलास म्हणजे मीच तुला काहीतरी भलतं लिहिलं असेल.

मला काही विसरायला झालेलं नाही. त्या कमानीखालून मी आयुष्यात कधी गेले नाही. आम्हाला तिथून जायची मुभाच नव्हती. ती बाजू मालकांची, कारकुनांची आणि पाहुण्यांची. रस्त्यावरून जाताना उंच भिंत आडवी यायची, आणि आम्ही राहायचो कालव्यापलीकडे, तिकडे कशाला जाणार? तुला हे विचारता आलं असतं. तू गृहीत धरलंस की म्हातारी विसरली.

एकदाच तिथून जायची वेळ आली होती. हंड्याचं झाकण उडालं त्या दिवशी, ह्यांना घरी न्यायचं होतं तेव्हा. पुढून रस्ता जवळ, मागून कालव्याचा चिखल. माणसांनी खांद्यावर घेतलं आणि कचेरीच्या जिन्यापर्यंत नेलं. तिथल्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. म्हणाला, आत मोठे पाहुणे बसलेत, मागून न्या. वाईट माणूस नव्हता, त्याला नोकरी होती. मग सगळे मागे फिरले. त्या बुटक्या दारातून खांद्यावरून नेता येईना, म्हणून खाली ठेवून सरकवत बाहेर काढलं. मी पलीकडे उभी होते.

आणि तू समितीपुढे माझ्या नावाने वाचलंस की मी रोज सकाळी त्या कमानीखाली उभी राहून घड्याळ बघायची. कात्रण मी दोनदा वाचलं. छान लिहिलंयस. माझ्यापेक्षा छान.

चिंधीघराचं काय झालं? तुझ्या एवढ्या लांब पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही.

आत्या


९ मार्च

आत्या,

तू मला असं लिहिशील असं वाटलं नव्हतं. मी काय स्वतःसाठी केलं? हो, थोडं तिच्यासाठी केलं, नाकारत नाही. पण इमारत वाचली ना? नाहीतर सगळंच गेलं असतं.

चिंधीघराचं विचारलंस तर ऐक. पुढची इमारत राहणार, तिच्या मागचं सगळं पाडणार. परवानगी मिळाली आहे. या महिन्याअखेर काम सुरू होईल. चिंधीघर म्हणजे एक पत्र्याची शेड आहे गं, आमच्या नकाशात ती नुसती रेघ मारून दाखवली आहे. पाच मजली कोरीव दगडापुढे कोणती समिती तिच्याकडे बघणार होती?

आणि आता मी जाऊन खरं सांगितलं तर मालकाचा वकील म्हणेल की पत्रच खोटं, निकालही रद्द करा. मग पुढचंही जाईल. तिची दोन वर्षं जातील. ती माझं तोंड पुन्हा बघणार नाही. त्यापेक्षा जे राहिलंय ते राहू दे. आतोबांचं ते दाराचं तू मला आधी कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर कदाचित मी वेगळं केलं असतं. आता मला बोल लावून काय होणार?

ठिणग्या


१४ मार्च

ठिणग्यास,

ओटा मागत नाही. गेला तर जाऊ दे, कारखाना कोणाच्या बापाचा नव्हता आणि आमचाही नव्हता.

फक्त त्या कागदावरून माझं नाव काढून आण. ह्यांना ज्या दारातून परत फिरवलं, त्या दाराचं कौतुक माझ्या नावावर राहू देऊ नकोस. मी मेल्यावर कोणी ते कपाटातून काढून वाचेल आणि त्याला तेच खरं वाटेल.

तुझ्यावर माया आहे म्हणून एवढं लिहिलं. नसती तर पत्र पाठवलंच नसतं.

आत्या


३ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते फाडणार होतो. फाडलं नाही. रागात घराबाहेर पडलो आणि कालव्याच्या काठाने चालत राहिलो, आणि ते दार आलं. मी एवढे महिने त्या कारखान्यात मापं घेतोय, पण त्या बाजूला आलोच नव्हतो. वाकलो तरी डोकं आपटलं. ह्या दारातून तुम्ही रोज आणि त्या दिवशी कसे... मी बराच वेळ आत गेलो नाही.

ओटा सापडला. त्यावर पत्र्याचा गंज पडून सगळा लाल झाला होता. दोन्ही टोकं सारखीच दिसत होती. रिकामं ठेवायचं ते कोणतं हे तुझं पहिलं पत्र काढून बघावं लागलं. मी बसलो नाही कुठेच.

मग आधी तिला सांगितलं. समितीकडे जाण्याआधी तिला कळायला हवं असं वाटलं. तिने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली, तुझं, आणि मी रचलेल्याची माझ्याकडची नक्कल. मला वाटलं ती चिडेल, कागद तोंडावर फेकेल. तिने अगदी हळू विचारलं, ‘त्या दिवशी मी रडले ते मग कोणासाठी?’ ती उठून गेली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

साहेबांना कळलं त्याच दिवशी त्यांनी मला काढून टाकलं. ओरडले नाहीत. म्हणाले, माप घेताना पलीकडचं टोक मला दिसत नसतं, ते धरणाऱ्यावर सोडलेलं असतं. टेप माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः गुंडाळली.

समितीपुढे उभा राहिलो. मी काय केलं ते सांगितलं आणि तुझं जानेवारीचं पत्र पहिल्या शब्दापासून वाचलं. सुनेच्या औषधांचंही वाचलं, काहीच गाळायची हिंमत झाली नाही. कोणी हसलं नाही. कारकुनापुढे सगळे डबे घेऊन उभे राहिले तिथे मी अडलो, तर अध्यक्षांनी पाणी पुढे केलं.

आता ऐक, म्हणजे तुला माझी शिक्षा कळेल. वकील उठला, निकाल रद्द करा म्हणाला. अध्यक्षांनी त्याला बसवलं. म्हणाले, पुढच्या इमारतीचा निकाल इंजिनिअरच्या अहवालावर आणि नकाशांवर दिलेला आहे, पत्रावर नाही. पत्र ऐकून बरं वाटलं एवढंच. म्हणजे मी केलेल्या त्या सगळ्याची काडीचीही गरज नव्हती. मग मी चिंधीघराचं विचारलं. ते म्हणाले की मागच्या इमारतींबद्दल हरकत घ्यायची मुदत संपली, आमच्यापुढे ते राखा असं कोणी म्हटलंच नव्हतं. आणि मग, मी निघताना, चष्मा पुसत म्हणाले, ‘त्या दिवशी हेच वाचलं असतंत, तर आम्ही तिथे जाऊन बघितलं असतं.’

माझा कागद रद्द केला, माझ्यासमोर त्यावर आडवी रेघ मारली. तुझं पत्र कपाटात ठेवलं आहे. आता तुझं नाव फक्त तुझ्याच शब्दांखाली आहे. वर्तमानपत्रालाही लिहून दिलं. त्यांनी आतल्या पानावर बारीक अक्षरात छापलं.

पाडायच्या आदल्या रविवारी मी परत तिथे गेलो, तर ती आत होती. एकटी, टेपचं एक टोक विटेखाली दाबून मापं घेत होती. मी वीट काढली आणि टोक धरलं. तिने बघितलं आणि पुढचा आकडा लिहून घेतला. सबंध चिंधीघर मोजलं आम्ही, दार, खिडक्या, ओटा. आकड्यांशिवाय एक शब्द झाला नाही. शेवटी तिने कागदावर ओटा काढला आणि मला विचारलं, रिकामं टोक कुठलं. मी दाखवलं.

सोमवारी पाडलं. मशीनला ओटा आणि बाकीची भिंत यातला फरक कळला नाही. दुपारपर्यंत जमीन सपाट झाली होती. पुढची इमारत उभी आहे, मागून बघितली की तिच्या खिडक्यांतून आरपार आकाश दिसतं.

त्या टोकाचा एक दगड मी उचलून आणलाय. घरी माझ्या खाटेखाली आहे. बाबांनी काय आहे विचारलं. सरळ मला विचारलं. मी सांगितलं तर ते खाली बसले आणि दगडावर हात ठेवून राहिले. तुला तो आणून देऊ का?

तुझा
ठिणग्या


१२ एप्रिल

चि. ठिणग्या,

पत्र मिळालं. दादाकडून एकदा वाचून घेतलं आणि एकदा मी वाचलं. त्यालाही ह्यांचं ते दाराचं माहीत नव्हतं. त्यालाही मी सांगितलं नव्हतं. तेव्हा तू मला विचारलं नाहीस यात थोडा दोष माझाही धर. मी विचारायला जागाच ठेवली नव्हती.

चार माणसांपुढे उभं राहून स्वतःचं खोटं सांगितलंस, हे तुझ्या बापाला जमलं नसतं. मलाही जमलं असतं की नाही सांगता येत नाही. आता त्याच पायांनी कॉलेजात जा आणि त्या सरांपुढे उभा राहा. ते तुझं म्हणणं मान्य करतील असं नाही, पण दार उघडतील. त्या मुलीने तुला टेप धरू दिली, एवढ्यावर उड्या मारू नकोस. तिला वेळ दे. तिला सांग की खिडक्या किती होत्या ते मलाही आठवत नव्हतं, तिने मोजल्या ते बरं झालं. कागद झाला की मला बघायचा आहे.

दगड आणू नकोस. घरात ठेवला तर सून त्याला फुलं वाहील, नातवंडं त्यावर बसतील, आणि मी कोणालाच काही म्हणू शकणार नाही. तो एकटा दगड म्हणजे ते टोक नव्हे. शेजारी माणसं दाटीने बसायची, मांडीला मांडी लावून, आणि तरी तेवढी जागा सोडायची, म्हणून ती ह्यांची होती. ती माणसंच आता नाहीत. तुझ्या बापाने हात ठेवला ना त्यावर, मग झालं. आता तो कालव्यात सोडून दे.

आणि तू ये. येताना काही आणू नकोस, रिकाम्या हाताने ये. ओट्यावर कोण कुठे बसायचं ते मी तुला एकेकाला नावाने सांगते. तू नुसतं ऐक.

तुझी
आत्या